ओढणीतली डिस्क

“खांद्याला लागती बघ त्याच्या. जोडा शोभंल,” आत शांतामावशी म्हणाली आणि भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर हौदाजवळ पाय धूत उभी होते. माळावरून नुकतीच आले होते, पायांना लाल माती होती. हातातला तांब्या तसाच राहिला. “हळू बोल की गं,” ही माझी आई. “हळू कामून? चोरी हाय का?” मावशी म्हणाली, “पोरगी बुजरी हाय, तेवढंच. तिकडं गेली की बोलायला लागंल. तिकडं कोण हाय तिला, नवरा सोडून?” दोघी हसल्या, मग परातीवर हात पडू लागले, धप धप धप, आणि चुलीवर भाजणाऱ्या ज्वारीचा वास बाहेर आला. एरवी तो वास आला की मी थेट चुलीपाशी जायचे. त्या दिवशी मी हौदाजवळच उभी राहिले. थोड्या वेळापूर्वी माळावर मी ज्याच्या शेजारी उभी होते, ज्याच्या खांद्याला मी लागत होते, तो आईचा धाकटा भाऊ होता. माझा नागूमामा.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. मांजरा नदीच्या पल्याड, लातूरकडं, आमचेच पाव्हणे हे ऐकून आजही नाकं मुरडतात. पण औरादच्या आसपास, आमच्यासारख्या पूर्वी मेंढरं राखत फिरलेल्या घरांत, सख्ख्या मामाशी भाचीचं लग्न लागतं. लागायचं, असं म्हणते आता. पोरगी परक्या घरी जात नाही, बहिणीची लेक भावाच्या घरी येते, जमीन-जुमला, भांडीकुंडी, भांडणंसुद्धा घरातल्या घरात राहतात. मी दोनतीन अशी लग्नं पाहिली होती, जेवले होते, अक्षता टाकल्या होत्या. बिदरच्या मिशन शाळेतल्या मैत्रिणींना हे मी कधी सांगितलं नव्हतं. तिथं सिस्टर लोकांच्या इंग्रजीत मी एक मुलगी होते आणि सुट्टीत आजोळी आले की दुसरी. दोघींचं एकमेकींशी फार बोलणं नव्हतं. पण ते लग्न माझं असेल, असं मनात आलं नव्हतं. मामा तिकडं अमेरिकेत होता ना. लांब होता.

तो त्या उन्हाळ्यात आला, तेव्हा आमच्या तालुक्यातून अमेरिकेला गेलेला बहुतेक पहिलाच. कॉम्प्युटरवर काम करायचा. त्याच्या पैशांनी आजोबांचं, म्हणजे अप्पांचं, मातीचं घर पाडून स्लॅबचं झालं होतं. वर टाकी, आत फरशी, पण अप्पा अजून बाहेर बाजेवरच झोपत, कारण स्लॅबखाली त्यांना कोंडल्यासारखं व्हायचं. आजी नव्हती. शेजारच्या कुडाच्या आवारात अप्पांनी हट्टानं ठेवलेली थोडी मेंढरं होती. मामानं सगळ्यांना काही ना काही आणलं. साबणं, चॉकलेटं, अप्पांना टॉर्च. आणि एक काळी पिशवी उघडली, तर तिच्यात नुसत्या प्लास्टिकच्या रंगीत ताटल्या. लाल, पिवळ्या, निळ्या, एकात एक बसवलेल्या.

“एवढ्या लांबून ताटल्या आणल्यास व्हय रे?” अप्पा म्हणाले. “आमच्याकडं काय जेवायला पानं न्हाईत?”

“ताटल्या न्हाईत अप्पा, डिस्क हायेत. खेळायच्या. फेकायच्या.”

“फेकायच्या?” मावशीनं एक उचलून दह्याच्या गाडग्यावर ठेवून पाहिली. बरोबर बसली. “ही मला ऱ्हाऊ दे. बाकीच्या फेक.” मामा हसला आणि ती दिवसभर दह्यावरच राहिली.

खेळ असा होता. गोल्फमध्ये चेंडू काठीनं मारत मारत खड्ड्यात घालतात, तसं इथं डिस्क फेकत फेकत एका टोपलीत टाकायची. कमीत कमी फेकींत जो टाकेल तो जिंकला. तिकडं टोपलीवर साखळ्या लोंबतात, डिस्क त्यांना आपटून खाली पडते. इथं मामानं माळावरच्या बाभळीच्या फांदीला कोंबड्या झाकायचं जुनं डालगं उलटं करून टांगलं आणि गोठ्यातल्या बैलाच्या साखळ्या सोडवून त्याच्याभोवती बांधल्या. डिस्क लागली की साखळ्या वाजायच्या, आणि पाणी पाजायला नेलेले बैल दूरवरून मान वर करून बघायचे. अप्पा बाजेवरून ओरडायचे, “नागू, बैल बांधायचा कशानं? सुंभानं?”

मला पहिल्या दिवशी नुसतं बघायचं होतं. डिस्क हातातून सुटली की सूं करून आवाज यायचा, कापड फाडल्यासारखा, आणि माझे डोळे आपोआप मिटायचे. मेंढरांना ती घार वाटायची. कळप एकदम एका अंगाला ओसरायचा, कोकरं आयांच्या पोटाखाली शिरायची. “मेंढरू आणि माझी नात, दोगीबी संगंच बिचकतेत,” अप्पा म्हणायचे आणि सगळे हसायचे. मीही हसायचे. घाबरल्यावर हसणं ही माझी जुनी सवय आहे, आजही डॉक्टरकडं गेले की होते.

मामानं मला शेजारी उभं करून एकेक डिस्क हातात दिली. पातळ, धारदार कडेची होती ती ड्रायव्हर. सगळ्यात लांब जाते, पण जोर कमी पडला की शेवटी डावीकडं अशी वळते की सापडत नाही. जाड, बोथट कडेची, ती पटर. जवळून डालग्यात टाकायला. हळू जाते, पण वारा आला की वाऱ्याची होते. आणि मधली. तिला तो मिडरेंज म्हणायचा. “खरं खेळणारे पिशवीभर घेऊन फिरतात,” तो म्हणाला. माझ्याशी बोलताना त्याच्या मराठीत हळूहळू इंग्रजी यायचं, आणि मग त्याला आठवायचं की घरचे ऐकायलेत. “पण शिकणाऱ्यानं एकच घ्यावी. सगळ्या फेकी तिनंच करायच्या. लांबची, जवळची, झाडातली, वाऱ्यातली. एकच हातात ऱ्हायली की हाताला कळतं, चूक डिस्कची न्हाई, आपली हाय. तू सगळ्या फेकून बघ. घाई न्हाई. मग सांग कुठली. ती तुझी.”

खिडकीखालचं ते बोलणं मी ऐकलं ते त्याच दिवशी. त्यानंतर डिस्क निवडायचं काम मला सोडताही येईना आणि करवतही नव्हतं. घरात थांबावं, तर आई आणि मावशी माझ्याकडं बघून बोलायच्या थांबायच्या. मावशी माझे केस विंचरताना मोजमाप घेतल्यासारखी वेणी हातात धरायची. बाहेर जावं, तर माळ, आणि माळावर मामा. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी लहानपणी औरादचा बाजार पाहिला होता, गूळ-शेंगा खाल्ल्या होत्या, त्याच्या हाताकडं मला बघवेना. तो डिस्क कशी धरायची ते दाखवायला माझी बोटं नीट करायचा, तेव्हा मी डालग्याकडं बघत राहायचे. त्याला ठाऊक आहे का? त्यानंच म्हटलंय का? का त्यालाही कुणी सांगितलेलं नाही? हे विचारायला एक वाक्य पुरलं असतं. मी शाळेत भाषणाच्या स्पर्धेत इंग्रजीत बक्षीस घेतलं होतं. ते वाक्य मात्र मला कुठल्याच भाषेत जुळवता येत नव्हतं.

म्हणून मी फेकत राहिले. पहाटे ऊन चढायच्या आधी, आणि ऊन उतरल्यावर. ड्रायव्हर मी दोनच दिवसांत बाजूला ठेवली. ती हातातून सुटली की मला तिची भीती वाटायची, कुठं जाईल, कुणाला लागेल, वळून काय करेल. पटर मला आवडली होती, जाड आणि शहाणी होती, पण बाभळीपर्यंत पोचायचीच नाही. मधल्या डिस्कपैकी एक जुनी, करड्या रंगाची, ओरखडे पडलेली होती. ती कुणी उचलत नव्हतं, गावातली पोरं लाल-पिवळ्यांच्या मागं असायची. ती मी फेकली की जिकडं तोंड तिकडं जायची. फार लांब नाही. पण वाऱ्यात डगमगायची नाही, दोन बाभळींच्या मधून निघायची, आणि डालग्याजवळ पोचल्यावर हळूच टाकली तर साखळीला लागून आत बसायची. एकदा तशी बसली आणि साखळ्या वाजल्या, तेव्हा क्षणभर मी सगळं विसरले. मग मागून मामा म्हणाला, “रेणू, अमेरिकेत करमंल तुला?”

मी डिस्क आणायला चालू लागले. उत्तर द्यायला नको म्हणून.

“मी तिथं रविवारी एकटाच खेळतो,” तो मागून म्हणाला. “मोठं रान हाय. झाडं लई. कधी कधी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणाशी एक शब्द बोलत न्हाई मी.” त्याचा आवाज साधा होता. मला दया आली, आणि त्या दयेचीच जास्त भीती वाटली. तो वाईट असता तर सोपं गेलं असतं. डालग्यातली डिस्क काढताना साखळी मुद्दाम वाजवत राहिले, तो पुढं काही बोलू नये म्हणून.

आई त्याच रात्री जेवताना माझ्या ताटात आंबाडीची भाजी वाढत म्हणाली, “खाईनास कामून? घसा धरलाय का?” मी मान हलवली. मग ती बाकीचे उठल्यावर जवळ सरकली. “बाई, मी काय भोगलंय तुला म्हाईत न्हाई. तुझी आज्जी, तुझ्या अण्णाची आई, मला भाकरी मोजून द्यायची. तुला तसं न्हाई होणार. सासू न्हाईच. सासरा म्हणजे हे आपले अप्पा. आणि नवरा…” इथं ती थांबली. “नवरा तुला रडवणारा न्हाई. मीच त्येला अंगावर खेळवलाय.” ती मला कोपऱ्यात ढकलत नव्हती, मिठीत घेत होती. मिठीतून सुटायला जास्त जोर लागतो, आणि माझ्यात तो नव्हता. मी म्हटलं, “व्हय.” म्हणजे ऐकलं, एवढंच. तिनं ते कसं घेतलं असेल ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी चिंचा फोडायच्या होत्या. मोठ्या चिंचेखाली बायका गोल करून बसल्या होत्या, झोडपून पाडलेल्या चिंचा फोडत, चिंचोके काढत. लाकडाच्या ठोकण्यांचा टक टक आवाज, आंबट वास, सगळ्यांची बोटं चिकट. मी लांबच्या फांदीखाली पडलेल्या चिंचा वेचून ओढणीत भरून आणत होते, दोन्ही हातांनी ओढणीची झोळी धरलेली. मामा माळावरून आला, हातात ती करडी डिस्क. “ही तू काल तिथंच विसरलीस. ठरलं का मग? हीच ना?” मी मान हलवली. हो, हीच. त्या खेळापुरता माझ्या मनात संशय नव्हता. “बरोबर निवडलीस,” तो खूश होऊन म्हणाला, “मी असतो तर हीच घेतली असती,” आणि माझे हात गुंतलेले पाहून त्यानं ती माझ्या ओढणीत, चिंचांवर ठेवली.

ठोकणी थांबली. एक नाही, सगळ्या. मला आधी वाटलं, साप निघाला. मग शांतामावशी उठली, तिचा चेहरा उजळला होता. “बया बया,” ती म्हणाली, “नागूनं ओटी भरली की गं!” दिवसाउजेडी, पाच बायकांसमोर, मुलाकडच्यानं मुलीच्या पदरात वस्तू घातली आणि तिनं ती धरली, की आमच्यात बोलणं झालं. नारळ, साखर, पंचमंडळी सगळं मागून. भरलेली ओटी मुलीनं सांडायची नसते, अपशकुन होतो, घरातला माणूस जातो म्हणतात. कुणीतरी माझ्या कपाळावर चिकट बोटानंच कुंकवासारखं टेकवलं. “ताट न्हाई मिळालं व्हय रे, ताटलीच दिलीस?” एक म्हातारी मामाला म्हणाली आणि हास्य उसळलं. मी झोळी घट्ट धरून उभी होते. हात सोडावे तर सगळं सांडेल. मी मामाकडं पाहिलं. त्यानं म्हणायला हवं होतं, अगं ही खेळायची डिस्क आहे, चिंचा वेचत होती म्हणून ठेवली. एवढंच. तो डिस्ककडं बघत होता, मग माझ्याकडं, मग त्याचे कान लाल झाले, आणि तो हसला.  आयुष्यात पुढं मला बऱ्याच गोष्टींची भीती वाटली. पण तेवढी थंड भीती पुन्हा नाही.

संध्याकाळी डिस्क भिंतीतल्या देवळीत होती, बिरोबाच्या चांदीच्या टाकाशेजारी. तिच्यावर हळदीकुंकू, विड्याची पानं, मूठभर तांदूळ. करड्या प्लास्टिकवर कुंकू लागत नव्हतं म्हणून मावशीनं तेल लावून लावलं होतं. अप्पांनी सांगावा धाडला, सकाळी भावकीतले दोघे येऊन साखर वाटून जातील, उगीच लांबवायला नको, नागूची सुट्टी संपत आली. अण्णांना, माझ्या वडिलांना, फोन केला तेव्हा ते म्हणाले म्हणे, तुमच्या घरची पोर, तुम्ही ठरवा. त्यांनी माझ्याशी बोलायला मागितलं नाही. मी हौदाजवळ बसून इंग्रजीत वाक्यं जुळवली. आय डू नॉट विश. आय ॲम नॉट रेडी. सुंदर, सरळ वाक्यं होती. ऐकायला कुणी नव्हतं.

सकाळी अंगणात घोंगडं अंथरलं. दोघे म्हातारे फेटे बांधून आले, चहा बशीत ओतून प्यायले, पावसाचं आणि तुरीच्या भावाचं बोलले. मामा पांढरा सदरा घालून अप्पांच्या शेजारी बसला होता, मान खाली. मला मावशीची हिरवी साडी नेसवली होती, मोठी होत होती, पिना टोचत होत्या. मी समोर बसले. देवळीतली डिस्क आणून मध्ये ठेवली होती, तिच्यात नारळ आणि साखर. मेंढरं कुडात ओरडत होती, कुणी सोडलीच नव्हती त्या गडबडीत.

“पोरीला इचारलंय का?” एक म्हातारा रिवाज म्हणून म्हणाला.

“इचारायचं काय?” मावशी म्हणाली. “काल सगळ्यांसमोर घेतलीय की पदरात. बोलत न्हाई ती, लाजायलीय.”

“चांगलं हाय. बोलणाऱ्या पोरी लई हायत आजकाल.”

सगळे हसले. अप्पांनी चिमटीत साखर घेतली आणि आईच्या हातावर ठेवली. आई माझ्याजवळ आली. तिच्या हाताला चुलीच्या धुराचा वास होता, डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. “आ कर, बाई.” मी ओठ मिटले. “आ कर की. बघतेत सगळे.” साखरेचे दाणे माझ्या ओठांना लागले, गोड लागले, आणि माझ्या लक्षात आलं की मी आता काही बोलले नाही, तर हे तोंड उघडण्याची वेळच यायची नाही, ओठांवरून साखर आत जाईल आणि झालं.  कानांत डिस्कसारखा सूं आवाज. मी आईचं मनगट धरलं. तिला वाटलं, मी रडतेय, आणि ती म्हणाली, “रडू नको, लांब न्हाई जायलीस तू.” मी तिच्या खांद्यावरून मामाकडं पाहिलं. त्यानं मान वर केली होती. त्याच्या तोंडावरही भीती होती. माझ्यासारखीच, तशीच्या तशी, आणि ती बघितल्यावर मी आईचा हात तोंडासमोरून बाजूला केला. इंग्रजीतली सगळी वाक्यं कुठं गेली कळलं नाही. जे तोंडात होतं ते मोठ्यानं निघालं, इतक्या मोठ्यानं की कुडातली मेंढरं गप्प झाली:

“मामा, तू म्होरं उभारलास तर माझ्या लग्नात माझ्या मागं कोण उभारायचं?”